मोटरमधला प्रवाह उलटवतो कोण?

चुंबकाजवळच्या तारेतून वीज सोडली की तार बाजूला ढकलली जाते. मायकेल फॅरेडेने १८२१ मध्ये याच जोरावर पाऱ्याच्या भांड्यात तार चुंबकाभोवती गोल फिरवून दाखवली. पण तारेचं वेटोळं चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये ठेवलं, तर ते फार तर अर्धा फेरा मारतं आणि अडतं, कारण पुढे तोच जोर त्याला मागे ओढू लागतो. फिरत राहायचं तर ऐन वेळी प्रवाहाची दिशा उलटायला हवी.

जुन्या डीसी मोटरमध्ये, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवरच्या मोटरमध्ये, हे काम कॉम्युटेटर करतो: तांब्याच्या तुकड्यांचं कडं आणि त्यावर घासणारे कार्बन ब्रश. घासणं आलं म्हणजे ठिणग्या आल्या, झीज आली. मिक्सर आणि हँड ड्रिलमधली मोटर याच घराण्यातली. फक्त कायम चुंबकाच्या जागी तिथे कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं, असते. एसी पुरवठ्यात, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या विजेत, या कॉइलमधला आणि फिरत्या वेटोळ्यातला प्रवाह एकदमच उलटतो, त्यामुळे जोराची दिशा तीच राहते. लहान आकारात ती प्रचंड वेग देते, आवाजही तितकाच करते.

इंडक्शन मोटर मला सगळ्यांत हुशार वाटते. निकोला टेस्लाला तिचं पेटंट १८८८ मध्ये मिळालं. बाहेरच्या कॉइल्समध्ये थ्री फेज वीज, म्हणजे एकामागोमाग येणारे तीन एसी प्रवाह, सोडली की चुंबकीय क्षेत्रच गोल फिरू लागतं. आतल्या रोटरला, म्हणजे फिरणाऱ्या भागाला, वायर जोडलेलीच नसते! फिरत्या क्षेत्रामुळे त्याच्या सळ्यांमध्ये आपोआप प्रवाह निर्माण होतो आणि रोटर क्षेत्रामागे धावतो. गंमत अशी, की त्याने क्षेत्राला गाठलं तर प्रवाह शून्य आणि जोरही शून्य. म्हणून ५० हर्ट्झवर (विजेची सेकंदाला ५० आवर्तनं) चार ध्रुवांच्या मोटरचं क्षेत्र मिनिटाला १५०० फेरे घेतं, तेव्हा रोटर भाराखाली साधारण १४४० वर चालतो. भार वाढला की तो आणखी मागे पडतो, प्रवाह वाढतो, जोर वाढतो. घरातल्या सिंगल फेजवर, म्हणजे एकाच एसी प्रवाहावर, मात्र क्षेत्र फिरत नाही, नुसतं उलटसुलट होतं. म्हणून छताच्या साध्या पंख्याला दुसऱ्या कॉइलमधला प्रवाह पुढेमागे सरकवणारा कपॅसिटर लागतो. तो निकामी झाला की पंखा गुणगुणतो आणि हाताने ढकलल्यावर चालू लागतो.

बीएलडीसीत, म्हणजे ब्रश नसलेल्या डीसी मोटरमध्ये, कायम चुंबक रोटरवर असतो आणि स्थिर कॉइल्समधला प्रवाह इलेक्ट्रॉनिक सर्किट बदलतं. ब्रश गेले, रोटरमध्ये प्रवाह वाहताना वाया जाणारी वीजही वाचली. साधा पंखा ७५ वॉट खात असेल, तर बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास भागवतो. मात्र सर्किटचा खर्च वाढतो आणि ताकदवान मोटरना लागणारे निओडिमियमचे चुंबक महाग पडतात, फार तापले तर चुंबकत्वही गमावतात.

विजेवरच्या गाड्या बनवणाऱ्या टेस्ला कंपनीने २०१२ च्या मॉडेल एसमध्ये इंडक्शन मोटर वापरली, २०१७ च्या मॉडेल थ्रीमध्ये मागच्या चाकांना कायम चुंबकाची दिली. पण त्याच गाडीच्या दोन मोटरच्या आवृत्तीत पुढची मोटर इंडक्शनच ठेवली. कारण चुंबकाचा रोटर वीज बंद असतानाही फिरताना ओढ देत राहतो. इंडक्शनचा रोटर वीज काढली की जवळजवळ मोकळा फिरतो.