सागवान खाली, पाइन वर: भंगारातल्या लाकडाचं चाकांचं टेबल

जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठल्याही गावच्या भंगारवाल्याकडे जाऊन "टेबलापुरतं लाकूड दाखव" म्हटलं की तो दोन ढिगांकडे बोट दाखवतो. पहिला ढीग पाडलेल्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या घरांचा: तुळया, कड्या (छताची आडवी लाकडं), चौकटी, दारांच्या फळ्या, बहुतेक सागाच्या. दुसरा एमआयडीसीतून आलेल्या खोक्यांचा आणि पॅलेटांचा, म्हणजे ज्यावर मशिनरी किंवा मालाच्या गोण्या ठेवून येतात ते लाकडी चौथरे. त्यात बरंचसं पाइन, म्हणजे चिडाचं हलकं लाकूड असतं. हे दोन्ही ढीग दोन पावसाळे उघड्यावर राहिले की एकाच राखाडी रंगाचे होतात, आणि मग भंगारवाल्याला सगळंच साग दिसायला लागतं. "हाई साग शे भाऊ, डोया मिचीसन लई जाय." डोळे मिटून न्यायचं तेवढं टाळा.

ओळख पटली तरी पुढे आणखी एक चूक बहुतेक जण करतात. चांगलं लाकूड दिसायला वर लावतात आणि हलकं लाकूड खाली, पायांना. दिवाणखान्यातल्या टेबलाला ते ठीक आहे. अंगणात, शेतात, गोठ्याच्या बाजूला फिरवायच्या टेबलाला नेमकं उलटं करावं लागतं: सागवान खाली, पाइन वर.

आधी चाकं का, ते सांगतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, भुसावळकरांना तर त्याचं कौतुकही उरलेलं नाही. अशा उन्हात बाहेर काम करायचं तर निंबाच्या सावलीतच, आणि सावली काही एका जागी थांबत नाही. सकाळी टेबल झाडाच्या पश्चिमेला, दुपारनंतर पूर्वेला. मोटारीचं बेअरिंग काढायचं असो, ठिबकच्या नळ्या जोडायच्या असोत की दाराची चौकट रंधायची असो, अर्धवट काम तसंच वर ठेवून टेबल ढकलता आलं पाहिजे. म्हणजे टेबल पाण्यात, चिखलात, उन्हात राहणार आणि वर धक्केही खाणार. लाकडाची निवड या दोन गोष्टींवरून करायची, शोभेवरून नाही.

आता ओळख. रंगावर अजिबात जाऊ नका, वरचा राखाडी थर फक्त उन्हाचा आहे. करवतीने टोकाकडून इंचभर तुकडा कापून घ्या, धारदार पटाशीने तो आडवा छेद साफ करा आणि त्यावर थुंकी नाही तर पाण्याचं बोट फिरवा. सागाच्या छेदात प्रत्येक वर्षाच्या कड्याला लागून टाचणीने टोचल्यासारख्या छिद्रांची रांग दिसते, उघड्या डोळ्यांनी दिसते. पाइनमध्ये अशी छिद्रं नसतातच. तिथे फिकट आणि गडद पट्टे आलटून पालटून दिसतात, आणि फळीच्या अंगावर गोल, तपकिरी गाठी.

मग वास. ताज्या कापलेल्या सागाला जुन्या चामड्यासारखा वास येतो आणि बोटाला किंचित मेणचट लागतं, कारण त्यात नैसर्गिक तेल असतं. पाइनचा वास टर्पेंटाइनचा, आणि यात नवल नाही, टर्पेंटाइन पाइनच्या चिकापासूनच काढतात. नख दाबून पाहा: पाइनवर खूण उमटते, सागावर सहसा नाही. वजनाचाही फरक आहे. सुकलेला साग घनफुटाला साधारण १८ किलोच्या आसपास भरतो, पाइन १३ ते १५. फरक इतका थोडा आहे की ओलं पाइन हातात घेतलं तर ते सुक्या सागाइतकंच जड लागतं, म्हणून नुसत्या वजनावर भरवसा ठेवू नका.

जुन्या घराच्या ढिगात सगळा साग असतो असंही नाही. मध्येच बाभळीचा दांडा निघतो, आणि तो उचलतानाच कळतो. बैलगाडीच्या चाकांना बाभूळ वापरायचे ते उगाच नाही. खिळा ठोकायला गेलात तर खिळा वाकतो. टेबलाच्या खालच्या आडव्या पट्टीला बाभूळ मिळाली तर सोडू नका, पण छिद्र पाडायला धारदार ड्रिल बिट लागेल.

सागातही पोटभेद आहे आणि तिथे माणसं जास्त फसतात. सागाचा आतला गाभा सोनेरी तपकिरी असतो, त्याला उधई सहजासहजी शिवत नाही. बाहेरचा फिकट, पांढुरका भाग मात्र सागाचा असूनही टिकाऊ नसतो. उधई आणि भुंगे त्यावर तुटून पडतात. कमी वयाच्या झाडाच्या लाकडात हा पांढरा भागच जास्त असतो, आणि तो उन्हात राहिला की पाइनपासून ओळखणं कठीण. अशा वेळी छेदातली छिद्रांची रांग सांगेल की हा साग आहे, पण पायासाठी तो तरीही उपयोगाचा नाही. कडीची जी टोकं मातीच्या भिंतीत गाडलेली होती तीही ठोकून बघा. हातोडीचा आवाज टणक आला तर बरं, बोदा आला तर तेवढा भाग कापून टाका. भंगारवाला घनफुटाने मोजत असेल तर ही कुजकी टोकं मोजण्याआधीच कापायला लावा. आणि सागाची पावती मागून घ्या. सागाच्या वाहतुकीवर वन खात्याची नजर असते, रस्त्यात कुणी विचारलं तर हातात कागद असलेला बरा.

पॅलेटच्या बाजूला आणखी एक गफलत असते, ती शिक्क्यांची. परदेशात जाणाऱ्या-येणाऱ्या लाकडी खोक्यांवर गव्हाच्या ओंबीच्या चित्रासह एक शिक्का असतो. आयएसपीएम १५ नावाचा आंतरराष्ट्रीय नियम आहे, २००२ सालचा, त्याप्रमाणे तो मारतात. त्यात देशाची दोन अक्षरं, नंबर आणि शेवटी एचटी किंवा एमबी अशी रोमन अक्षरं. एचटी म्हणजे लाकूड तापवून त्याच्या गाभ्याचं तापमान सलग ३० मिनिटं किमान ५६ अंश सेल्सिअस ठेवलेलं. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड वायूची धुरी दिलेली. हा वायू विषारी आहे आणि ओझोनच्या थराला घातक म्हणून मॉन्ट्रियल कराराखाली त्याच्यावर बंधनं आली. वायू कालांतराने उडून जातो हे खरं, पण पर्याय हातात असताना मी एमबीच्या फळ्या घेत नाही.

"एचटी आहे, म्हणजे ट्रीट केलेलं, उधई लागणार नाही" असं भंगारवालाच नाही, चांगले मिस्तरीही सांगतात. हे चूक आहे. तापवल्याने त्या दिवशी लाकडात असलेले किडे आणि अळ्या मरतात, एवढंच. लाकडात कुठलंही औषध शिरत नाही. तीच फळी जमिनीला टेकवून ठेवली तर उधई तिचा शिक्का वाचत बसत नाही. एचटी पाइन आणि बिनशिक्क्याचं पाइन पावसाळ्यात सारखंच कुजतं. शिक्क्यापेक्षा फळीवरचे डाग जास्त तपासा. कीटकनाशकाचा, रसायनाचा, तेलाचा डाग असेल तर ती फळी कितीही सरळ असली तरी राहू द्या. देशी पॅलेटांमध्ये पाइन नसतंही, निलगिरी, आंबा, सुबाभूळ असं हाताला लागेल ते लाकूड असतं. त्यातलं आंब्याचं ओलाव्यात लवकर बिघडतं.

आता खाली साग का? चाकांच्या टेबलाचा सगळा ताण खालच्या चार कोपऱ्यांत येतो. टेबल ढकलताना चाक दगडाला अडलं की वरचं वजन पुढे रेटतं आणि पाय उखडायला बघतो. स्क्रू किती घट्ट धरून राहणार हे बऱ्याच अंशी लाकूड किती भरीव आहे यावर ठरतं. पाइनमध्ये वारंवार हिसके बसले की स्क्रूचं भोक सैल होतं, सागात ते बराच काळ टिकतं. शिवाय चाकांचा चिखल, गोठ्याचं पाणी, अंगणातला सडा, सगळं खालच्या अर्ध्या फुटातच लागतं.

तरी चाकाचा पत्रा (चाक ज्याने लाकडाला बसवतात ती लोखंडी पट्टी) पायाच्या टोकात सरळ स्क्रूने बसवू नका, साग असला तरी. टोकाकडून लाकडाचे धागे उभे असतात, स्क्रू त्यांच्या मधून सुटून येतो. पायांना खालून दोन आडव्या सागवानी पट्ट्या द्या, तीन इंच रुंद आणि दोन इंच जाड मिळाल्या तर उत्तम. चाकाचा पत्रा त्या पट्टीला आरपार बोल्टने, वर मोठा वायसर घालून घट्ट आवळा. पाय आणि पट्टीचा जोड खाच पाडून बोल्टने करा, नुसत्या खिळ्यांवर सोडू नका. सागात स्क्रू घालण्याआधी भोक पाडलंच पाहिजे, नाही तर स्क्रूचं डोकं तुटतं किंवा लाकूड चिरतं. डिंक वापरणार असाल तर जोडाची जागा ताजी रंधून लगेच थिनरच्या बोळ्याने पुसा. सागाचं तेल वर राहिलं तर फेविकॉल धरत नाही. बाहेरच्या कामाला पाण्यात टिकणाऱ्या प्रकारचाच फेविकॉल घ्या, साधा पांढरा पहिल्या पावसात मऊ पडतो. साग रंधताना तोंडाला फडकं नको, मास्क लावा, त्याची बारीक भुकटी नाकाला आणि कातडीला त्रास देते. रंध्याचं पातंही लवकर बोथट होतं, कारण सागात वाळूच्या जातीचा सिलिका असतो. जुन्या कडीत तुटलेले खिळे असतात ते वेगळेच. रंधा मारण्याआधी चुंबक फिरवा.

वर पाइन कशाला, याचं उत्तर सोपं आहे: वरची फळी खराब होण्यासाठीच असते. तिच्यावर करवत चुकून लागणार, ड्रिल आरपार जाणार, ग्रीस सांडणार, वेल्डिंगची ठिणगी पडणार. तिथे सागाचा पाट लावला की माणूस त्याला जपायला लागतो, आणि जपायचं टेबल काही कामाचं नाही. पाइन मऊ असल्याने वर ठेवलेल्या रंधलेल्या लाकडाला ओरखडेही कमी येतात. दोन-तीन पावसाळ्यांनी फळ्या बदलून टाकायच्या. म्हणून त्या खालून स्क्रूने बसवा, डिंक लावू नका.

पॅलेट सोडवताना पहार घालून फळ्या उपटल्या तर टोकं चिरतात, कारण पॅलेटचे खिळे पिळाचे किंवा कड्यांचे असतात, सहज सुटत नाहीत. फळी आणि ठोकळ्याच्या फटीत हॅक्सॉचं पातं घालून खिळाच कापा. पॅलेटची लांबी बहुधा १२०० मिलिमीटर, म्हणजे चार फुटाला इंचभर कमी. खिळे कापलेत तर पूर्ण लांबी मिळते. टोकं कापून टाकलीत तर चाळीसेक इंचच हाती येतात, तेव्हा टेबलाचा साटा, म्हणजे सांगाडा करण्याआधी फळ्या सोडवून मोजा. फळ्या पाऊण इंचाच्या आसपास असतात, त्यामुळे खाली दर सव्वा फुटाला आडवा आधार हवा. वाइस (काम पकडून धरायचा शिकंजा) बसणार त्या कोपऱ्यात मात्र खालून सागाचा जाड तुकडा जोडा. दोन फळ्यांच्या मध्ये सूतभर, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाएवढी फट ठेवा. जुलैत फळ्या फुगतात, आणि पाणी निथळायलाही वाट लागते. या फळ्या आधी सावलीत, मध्ये पट्ट्या घालून थप्पी लावून सुकवा. मेच्या उन्हात टाकलेली फळी संध्याकाळपर्यंत वाकडी होते.

चाकांचं थोडक्यात. टेबल चाळीसेक किलोचं होईल, त्यावर वाइस, मोटार, सामान धरून दीडशे किलो समजा. हे वजन चारने नाही, तीनने भागा. उखणलेल्या अंगणात एक चाक कायम अधांतरी असतं. म्हणजे प्रत्येक चाक किमान पन्नास किलोचं. शहाबादी फरशी किंवा कोबा असेल तर चार इंची चाक चालेल, दोन फिरती ब्रेकची आणि दोन सरळ. चार इंची चाक पत्र्यासकट पाचेक इंच उंच भरतं, तेवढे पाय आखूड कापा. टेबलाची उंची उभं राहून हात खाली सोडल्यावर मनगटापर्यंत यावी. काळ्या मातीवर मात्र ही चाकं विसरा. उन्हाळ्यात भेगांत अडकतात, पावसात रुततात. तिथे एका बाजूला दोन मोठी हवेची चाकं आणि दुसऱ्या बाजूला साधे पाय ठेवा, हातगाडीसारखं उचलून ढकला. त्या साध्या पायांच्या तळव्याला जळकं ऑइल पाजा. वरच्या फळ्यांना ते लावू नका, हाताला आणि कामाला लागतं. त्यांना जवसाचं उकळलेलं तेल पुरेसं आहे, फक्त तेलाची चिंधी गोळा करून टाकू नका. ती आपोआप पेट घेऊ शकते. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

फळ्या बदलल्या की जुन्या फळ्यांचं सरपण करायचा मोह होतो. स्वच्छ एचटी पाइन बंबात घालायला हरकत नाही, पण चिकामुळे धूर आणि काजळी जास्त, म्हणून भाकरीच्या चुलीत नको. एमबी शिक्क्याच्या, रंगवलेल्या किंवा ग्रीस-ऑइल मुरलेल्या फळ्या तर कुठेच जाळू नका.