कोर्ट फी कमी म्हणजे दावा स्वस्त?

‘अमेरिकेत कोर्ट फी नाममात्र, म्हणून करार मोडणाऱ्याकडून वसुली तिथे स्वस्त,’ असं फॉरवर्ड होत आलं आहे. फी कमी आहे, हे खरंच. लाखो डॉलरच्या दाव्यालाही तिथल्या संघीय न्यायालयात ठरावीक काहीशे डॉलरच लागतात. इंग्लंडमध्ये १,००,००० पौंडांच्या दाव्याला ५ टक्के, म्हणजे ५,००० पौंड. पण मोठा खर्च वकिलाचा! अमेरिकेत जिंकलात तरी तो सहसा तुमच्याच खिशातून जातो. इंग्लंडमध्ये हरणाऱ्याकडून बराचसा परत मिळतो. पडताळायचं असेल तर कोर्ट फी, वकील आणि निकालानंतरच्या दरखास्तीचा (म्हणजे निकालाची रक्कम प्रत्यक्ष वसूल करण्यासाठीच्या अर्जाचा) खर्च यांची बेरीज करा, परत मिळणारं वजा करा, मग दाव्याच्या रकमेशी टक्केवारी काढा. निव्वळ फीचा तक्ता पाहून परदेशी ग्राहकाशी करार करू नका, ही कळकळीची विनंती.