कोणी कोणासाठी थांबायचं? गोष्ट ४०९६ बाइटांच्या पाइपाची

‘एआय एजंट आता आपसात बोलू लागले, माणसाची सद्दी संपली’ अशा थाटाचे मेसेज हल्ली व्हॉट्सअॅपवर फिरत असतात. पुढे पाठवणाऱ्यांनी थोडं सबुरीनं घ्यावं. एका यंत्रातले दोन प्रोग्रॅम एकमेकांना माहिती देतात, एकमेकांच्या उत्तराची वाट बघतात आणि समोरचा मेला तर आपणही आवरतं घेतात, हे पन्नासहून अधिक वर्षं चालू आहे. तुमच्या फोनमध्ये आत्ताही ते चाललेलं आहे. त्यात डोकेदुखी होती ती एकच: कोणी कोणासाठी आणि किती थांबायचं.

चालू असलेल्या प्रोग्रॅमला प्रोसेस म्हणतात. ऑपरेटिंग सिस्टिम प्रत्येक प्रोसेसला मेमरीचा वेगळा तुकडा देते आणि दुसऱ्याच्या तुकड्यात डोकावू देत नाही. हे बरंच आहे, नाहीतर एक बिघडला की सगळे बिघडतील. पण मग एकानं काढलेलं उत्तर दुसऱ्याला मिळायचं कसं? एखादी जागा सामाईक ठेवली तर वेगळाच घोळ होतो. समजा तिथे १० हा आकडा आहे आणि दोघांनाही त्यात १ मिळवायचा आहे. दोघांनी एकाच वेळी १० वाचले, दोघांनी ११ लिहिले. व्हायला हवे होते १२. एक बेरीज गेली कुठे ते कोणालाच कळत नाही.

नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी यावर सेमाफोर काढला. सेमाफोर म्हणजे एक आकडा आणि त्यावरच्या दोनच क्रिया. एक क्रिया आकडा कमी करते आणि जागा शिल्लक नसेल तर प्रोसेसला झोपवते. दुसरी तो वाढवते आणि झोपलेल्यांपैकी एकाला उठवते. १९६८ साली छापून आलेली त्यांची ‘टीएचई’ ही ऑपरेटिंग सिस्टिम याच पायावर उभी होती. डेन्मार्कमध्ये पेर ब्रिंच हान्सेन यांनी आरसी ४००० या संगणकासाठी वेगळी वाट धरली. तिथे सामाईक जागाच नाही, सगळा व्यवहार निरोपांचा. निरोप पाठवा, निरोपाची वाट बघा, उत्तर पाठवा, उत्तराची वाट बघा, अशा चार क्रिया; एक निरोप आठ शब्दांचा (शब्द म्हणजे इथे मेमरीतला ठरावीक मापाचा तुकडा) आणि ने-आण मधल्या कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे. हा संगणक पोलंडमधल्या पुलावीच्या खत कारखान्यावर देखरेखीला लावला होता.

दोन्ही कल्पना थोर, पण दोन्हींत प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला आधीपासून ठाऊक असावं लागतं की आपल्याला कोणाशी तरी बोलायचं आहे. माझा जीव जडलाय तो पाइपावर, म्हणजे एका प्रोग्रॅमचं लिखाण दुसऱ्याला पोचवणाऱ्या नळीवर, कारण तिथे हे ठाऊक असण्याची गरजच पडत नाही.

अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेच्या डग मॅक्इलरॉय यांनी ११ ऑक्टोबर १९६४ रोजी एका टिपणात लिहून ठेवलं होतं की बागेतल्या नळीला जसा हवा तेव्हा पुढचा तुकडा जोडतात, तसे प्रोग्रॅम जोडता आले पाहिजेत. तेव्हा युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा पत्ताही नव्हता. पुढे युनिक्स आलं तरी मॅक्इलरॉय या कल्पनेचा पिच्छा सोडेनात. शेवटी १९७३ च्या सुरुवातीला केन टॉम्सन यांनी एका रात्रीत पाइप युनिक्समध्ये बसवला.

वापरायला अगदी सोपा. दोन कमांडच्या मध्ये एक उभी रेघ मारायची. डावीकडच्याला वाटतं आपण पडद्यावर लिहितोय, उजवीकडच्याला वाटतं कोणीतरी कीबोर्डवर टाइप करतंय. लिनक्स किंवा मॅक हाताशी असेल तर ‘येस’ आणि ‘हेड’ या कमांड अशा जोडून बघा. ‘येस’ न थांबता वाय हे अक्षर ओळीमागून ओळ छापत राहतो, त्याला शेवटच नाही. ‘हेड’ पहिल्या दहा ओळी दाखवतो आणि संपतो. दोन्ही जोडून चालवले की दहा वाय उमटतात आणि कर्सर परत येतो. मग कधीही न थांबणारा ‘येस’ थांबवला कोणी?

यासाठी युनिक्सच्या १९७५ च्या सहाव्या आवृत्तीच्या कर्नलमध्ये जाऊ. तिथला पाइप म्हणजे डिस्कवरची एक निनावी फाइल, कमाल ४०९६ बाइटांची. हा आकडा हवेतून आलेला नाही. त्या काळी फाइलच्या नोंदीत, म्हणजे आयनोडमध्ये, डिस्कवरच्या आठ ठोकळ्यांचे पत्ते मावत आणि एक ठोकळा ५१२ बाइटांचा. आठ गुणिले ५१२ म्हणजे ४०९६. त्यापुढे गेलं की पत्त्यांचे पत्ते ठेवायची भानगड सुरू होते. ती टाळायची म्हणून इतकंच.

लिहिणारा लिहीत सुटतो. ४०९६ भरले की कर्नल त्याला झोपवतो. वाचणारा वाचत जातो. सगळं वाचून झालं की कुठवर लिहिलं आणि कुठवर वाचलं याच्या दोघांच्या खुणा शून्यावर आणल्या जातात आणि लिहिणारा उठतो. वाचणाऱ्याला वाचायला काही नसेल तर तो झोपतो. झोपवण्याची तऱ्हा बघण्यासारखी आहे: लिहिणारा झोपतो आयनोडच्या पत्त्याच्या पुढच्या पत्त्यावर, वाचणारा त्याच्याही पुढच्या. त्या पत्त्यांवर काय ठेवलंय याच्याशी कोणाला देणंघेणं नाही, फक्त झोपायचे क्रमांक म्हणून ते वापरलेत. उठवताना कर्नल सगळ्या प्रोसेसची यादी चाळतो आणि त्या क्रमांकावर झोपलेल्यांना जागं करतो.

आणि समोरचा उरलाच नाही तर? आयनोडला किती टोकं जोडलेली आहेत, याचा एक आकडा असतो. एक टोक लिहिणाऱ्याचं, एक वाचणाऱ्याचं, मिळून दोन. आकडा दोनापेक्षा कमी झाला म्हणजे पलीकडे कोणी नाही. मग उपसून कोरड्या झालेल्या पाइपावर वाचणाऱ्याला ‘शून्य बाइट’ असं उत्तर मिळतं, त्यावरून तो मजकूर संपला असं धरतो. लिहिणाऱ्याला मात्र १३ क्रमांकाचा सिग्नल, म्हणजे कर्नलचा इशारा, बसतो आणि तो जागीच मरतो. ‘येस’चा मारेकरी हाच. आजच्या लिनक्समध्ये पाइप डिस्कवर नसून मेमरीत असतो, त्यात ६५,५३६ बाइट मावतात, पण सिग्नलचा क्रमांक अजून १३ च आहे. (तेरा आकडा अशुभ मानणाऱ्यांनी याचा पुरावा म्हणून उपयोग करू नये, १२ च्या पुढे १३ येतात एवढंच.)

एमएस-डॉस या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या २.० आवृत्तीतही ती उभी रेघ होती. पण तिथे एका वेळी एकच प्रोग्रॅम चाले. म्हणून डावीकडचा आधी पूर्ण चालवायचा, त्याचं सगळं लिखाण तात्पुरत्या फाइलमध्ये साठवायचं, मग उजवीकडचा सुरू करायचा. ‘येस’सारख्याची गाठ पडली असती तर डिस्क भरेपर्यंत उजवीकडच्याची पाळीच आली नसती.

पाइपालाही मर्यादा होत्या. दोन्ही प्रोसेस एकाच पूर्वजाच्या हव्यात, कारण टोकं वारशानं मिळतात. दुसऱ्या यंत्रावरच्या प्रोग्रॅमशी त्यातून बोलता येत नाही. ती सोय अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या युनिक्समधल्या सॉकेटांनी, म्हणजे दोन यंत्रांतले प्रोग्रॅम जोडणाऱ्या टोकांनी, १९८३ मध्ये केली.

वारशाच्या या भानगडीत नवशिके आजही अडकतात. पाइप तयार झाल्यावर जन्मलेल्या वाचणाऱ्या प्रोसेसकडे वारशानं दोन्ही टोकं येतात. लिहायचं टोक तिला नको असतं, पण ते बंद करायला प्रोग्रॅमर विसरतो. खरा लिहिणारा काम संपवून निघून जातो, तरी लिहायचं टोक उघडं असल्याची नोंद कायम राहते. वाचणारी प्रोसेस लिहिणाऱ्याची वाट बघत झोपून राहते, आणि लिहू शकणारी आता ती स्वतःच असते. खंडेनवमीला संगणकाला हळदकुंकू जरूर वाहा, पण ही प्रोसेस त्यानं उठत नाही. तिला मारा आणि कोडमध्ये ‘क्लोज’ची एक ओळ घाला.