करवतीनं खाल्लेलं लाकूड

खानापूरच्या एका सुतारांकडे सागवानी फळी घेऊन गेलो होतो. फळी ३०० मिलिमीटर रुंद, मला २० मिलिमीटरच्या पट्ट्या हव्या होत्या. सरळ भागाकार करून मी १५ म्हणालो. त्यांनी फळीवर नुसती नजर टाकली. "तेराच निघतील बघा मास्तर. करवत खाते त्येचा हिशेब कुठं धरलासा?"

हिशेब त्यांचाच बरोबर. यंत्रावरच्या गोल पात्याची चीर साधारण ३ मिलिमीटर रुंद पडते. तेरा पट्ट्यांचे २६० आणि मधल्या बारा चिरांचे ३६ मिळून २९६ झाले, चौदावीला जागाच उरली नाही. बारा चिरांतलं ते सागवान भुसा होऊन पायाखाली पडलं होतं. चिरेच्या या रुंदीला इंग्रजी सुतारकामात ‘कर्फ’ म्हणतात.

चीर पात्यापेक्षा रुंदच लागते. हातकरवत उलटी धरून दातांच्या ओळीवरून टोकाकडे बघा. एक दात डावीकडे, पुढचा उजवीकडे फाकवलेला दिसेल. दातांच्या मधल्या घळीत सुई ठेवून करवत कलती केली, तर ती घसरत पार टोकापर्यंत जाते, इतकी सफाई त्या फाकवण्यात असते. दात सरळ ठेवले तर पात्याच्या कुशी लाकडाला घासतात, तापतात; ओल्या लाकडात तर करवत अडकूनच बसते.

मग पातंच पातळ का करू नये? पुढे ढकलताना पातळ पातं वाकतं. जपानी करवत ओढताना कापते; ओढलेलं पातं ताठ राहतं, म्हणून ते खूप पातळ चालतं आणि लाकूड कमी खातं. बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत लोखंडाच्या धंद्यात असणाऱ्यांनाही हा हिशेब टळत नाही: लोखंड कापणाऱ्या लेझरला दात नाहीत, तरी चीर आहेच, आणि आराखड्यात ती धरावीच लागते.

शब्दाची गोष्ट मला सगळ्यात आवडते. जुन्या इंग्रजीत ‘क्युर्फ’ म्हणजे काप. कोरणे या अर्थाचं ‘कार्व्ह’ हे त्याचंच भावंड, आणि जर्मनमध्ये खाचेला ‘केर्बे’ म्हणतात. भाषाशास्त्रज्ञ हे मूळ ‘ओरखडणे’ या अर्थाच्या धातूपर्यंत नेतात. ग्रीकमधलं ‘ग्राफेइन’, म्हणजे लिहिणे, तिथलंच. आलेखाचा ‘ग्राफ’ त्यातूनच आला. आपल्या ‘लिहिणे’चं मूळ वेगळं आहे, पण संस्कृत ‘लिख्’चाही जुना अर्थ ओरखडणेच. याच खानापूर तालुक्यात हलशीला कदंब राजांचे ताम्रपट सापडले, त्यावरची अक्षरं तांब्यात कोरलेलीच आहेत. ‘करवत’ मात्र ‘करपत्र’वरून आली: हातातलं पातं.

सुतारांनी पेन्सिलीनं रेघ मारली, पण करवत रेघेवर धरली नाही. "रेघेच्या भायर चालवायची," ते म्हणाले, "रेघ पट्टीची." तेरा पट्ट्या झाल्या तेव्हा प्रत्येकीच्या कडेला पेन्सिलीची बारीक काळी रेघ तशीच होती.