सरासरी ४० मिलिसेकंद

एखाद्या ॲपची लोड टेस्ट, म्हणजे गर्दीत ते किती टिकतं याची चाचणी, झाली आणि अहवालात सरासरी प्रतिसाद ४० मिलिसेकंद आला, तर काम फत्ते असंच कुणालाही वाटेल. पण एवढा देखणा आकडा मिरवणारं ॲप प्रत्यक्षात दर सहा माणसांमागे एकाला ताटकळत ठेवत असू शकतं.

समजा, चाचणी एका मिनिटाची आहे. चाचणीचं साधन सेकंदाला १० रिक्वेस्ट (सर्व्हरकडे केलेल्या मागण्या) पाठवतं, मात्र एकीचं उत्तर आल्याशिवाय पुढची सोडत नाही. पहिली ५० सेकंदं सर्व्हर प्रत्येक उत्तर २० मिलिसेकंदांत देतो. मग डेटाबेसमध्ये काहीतरी अडकतं आणि शेवटची १० सेकंदं सगळंच ठप्प. नोंद काय होते? ५०० झटपट उत्तरं आणि १० सेकंद रखडलेलं एक. सरासरी ४० मिलिसेकंद! खरी माणसं मात्र दुसऱ्याचं काम उरकेपर्यंत थांबत नाहीत. त्या १० सेकंदांतही १०० जण ॲप उघडतात आणि सरासरी ५ सेकंद खोळंबतात. ६०० जणांचा खरा हिशेब मांडला तर सरासरी जाते ८५० मिलिसेकंदांवर. सर्व्हर तोच, बिघाडही तोच. साधनच सर्व्हरबरोबर थांबून राहिलं, त्यामुळे मागे लागलेली रांग त्याने मोजलीच नाही. गिल टेने या अभियंत्याने या चुकीला ‘कोऑर्डिनेटेड ओमिशन’ म्हटलं. ती टाळायची तर उत्तराची वाट न बघता ठरल्या वेळी रिक्वेस्ट सोडत राहायला हवं.

सरासरीऐवजी ९९वा पर्सेंटाइल बघावा, म्हणजे १००पैकी ९९ उत्तरं किती वेळाच्या आत आली ते. उरलेलं एक उत्तर सोडून द्यायचं का? मुळीच नाही. ॲपचा एक स्क्रीन भरायला क्लाउडमधल्या १०० सर्व्हरांना विचारावं लागत असेल आणि प्रत्येक जण १००पैकी एकदाच संथ पडत असेल, तरी ६३ टक्के वेळा त्यांतला एखादा तरी संथ निघतो आणि अख्खा स्क्रीन त्याच्यासाठी अडून राहतो. गूगलच्या जेफ डीन आणि लुईझ बारोसो यांनी २०१३ मध्ये हाच हिशेब मांडला होता.

आता नेटवर्क. क्लाउडमधल्या ॲपची चाचणी बरेचदा त्याच डेटा सेंटरमधल्या दुसऱ्या मशिनवरून घेतली जाते. तिथे संदेश जाऊन परत यायला एखाद-दोन मिलिसेकंद लागतात. रेंज जेमतेम असलेल्या मोबाइलवर याच फेरीला १५० मिलिसेकंद सहज लागू शकतात, आणि फेरी काही एकच नसते. फोन आणि सर्व्हर यांच्यात डेटा नेणाऱ्या टीसीपी या पद्धतीची जोडणी व्हायला एक फेरी, मजकूर सांकेतिक करणाऱ्या टीएलएस १.३ च्या सुरक्षेसाठी आणखी एक. त्यानंतर सर्व्हर सगळा डेटा एकदम ओतत नाही. रस्ता किती मोकळा आहे याचा अंदाज घेत तो साधारण १० पॅकेट (डेटाचे छोटे तुकडे) पाठवतो, मग २०, मग ४०. म्हणजे १०० किलोबाइटच्या उत्तराला आणखी तीन फेऱ्या. एकूण पाच. डेटा सेंटरमध्ये १० मिलिसेकंद, मोबाइलवर पाऊण सेकंद! यात सर्व्हरच्या कोडचा दोष शून्य आहे आणि जास्त एमबीपीएसचा प्लॅन घेऊनही फारसा फरक पडत नाही. काचेच्या तारेतून प्रकाशसुद्धा सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटरच जातो, त्यामुळे ५,००० किलोमीटरवरच्या सर्व्हरपर्यंतची एक फेरी ५० मिलिसेकंदांच्या खाली उतरूच शकत नाही. उपाय दोनच: फेऱ्या कमी करा किंवा सर्व्हर जवळ आणा.

गर्दी वाढली की क्लाउड आपोआप सर्व्हर वाढवेल, या भरवशावर अनेक जण निर्धास्त असतात. मला हा भरवसा सगळ्यात धोक्याचा वाटतो. रांगेचं गणित सरळ रेषेत चालत नाही. साध्या रांगेत सर्व्हर ५० टक्के व्यग्र असेल तर तो रिकामा असतानाच्या दुप्पट वेळ लागतो, ९० टक्क्यांना दहापट आणि ९९ टक्क्यांना शंभरपट. नवं मशीन उभं राहायलाही वेळ लागतो, आणि गर्दी तेवढी थांबत नाही. त्यातून मागचा डेटाबेस एकच असेल तर? पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये जोडण्यांची मूळ मर्यादा साधारणपणे १०० असते. ॲपचा प्रत्येक सर्व्हर १० जोडण्या धरून ठेवत असेल, तर अकरावा सर्व्हर येताच दार बंद. मदतीला आणलेली मशीनच मग चुका फेकू लागतात. भरीस भर म्हणजे उत्तर न मिळालेले फोन तीच रिक्वेस्ट पुन्हा पाठवतात आणि मूळ गर्दीवर नवी गर्दी चढते. म्हणून दोन प्रयत्नांमधलं अंतर दर वेळी वाढवावं आणि त्यात थोडी यदृच्छा (अनियमितपणा) मिसळावी, नाहीतर सगळे फोन एकाच क्षणी पुन्हा धडकतात.

हे सगळं आधी घडवून बघता येतं. लिनक्समधल्या ‘नेटएम’ या साधनाने चाचणीच्या मशिनवरच १५० मिलिसेकंदांचा विलंब आणि २ टक्के पॅकेटची गळती लावता येते. जेमीटर किंवा के६ सारखी साधनं हजारो वापरकर्त्यांची गर्दी उभी करतात. ही गर्दी चालू असतानाच एक खरा फोन हातात घेऊन ॲप वापरावं आणि मध्येच वायफाय बंद करावं. फोन मोबाइल डेटावर जातो आणि त्याचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, बदलतो. टीसीपीची जोडणी या पत्त्याला बांधलेली असल्याने ती तिथेच तुटते आणि सगळ्या फेऱ्या नव्याने सुरू होतात. २०२१ मध्ये प्रमाणित झालेल्या क्विक या टीसीपीऐवजी वापरायच्या पद्धतीत जोडणीला स्वतःची ओळख असते, त्यामुळे पत्ता बदलला तरी ती टिकू शकते. आपलं ॲप यांपैकी कुठल्या वाटेने जातं आणि वायफाय गेल्यावर अर्धवट राहिलेलं पेमेंट एकदाच होतं की दोनदा, ते याच क्षणी कळतं.