वॉशिंग्टनला आलेली पत्रं (१७८१–१७८३)

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या शेवटी शेवटी सरसेनापती जॉर्ज वॉशिंग्टनकडे जे टपाल येत होतं त्याबद्दलची ही नोंद. त्याने स्वतः लिहिलेल्या पत्रांवर भरपूर लिहिलं गेलंय, पण आलेली पत्रं जास्त इंटरेस्टिंग आहेत, कारण व्हर्जिनियातल्या यॉर्कटाउनला इंग्रज शरण आले की युद्ध संपलं असं आपण धरून चालतो आणि हे टपाल चाळलं की कळतं, पुढची दोन वर्षं त्याला शत्रूपेक्षा स्वतःच्याच सैन्याचा घोर जास्त होता.

यॉर्कटाउनचा डावसुद्धा एका निरोपावरच ठरला. १४ ऑगस्ट १७८१ला अमेरिकेच्या मदतीला आलेल्या फ्रेंच अ‍ॅडमिरल बारासकडून कळलं की दुसरा फ्रेंच अ‍ॅडमिरल द ग्रास याचं आरमार, २५ ते २९ मोठी जहाजं आणि ३२०० सैनिक, चेसापीकच्या खाडीकडे निघतंय आणि ऑक्टोबरच्या मध्याला परत जाणार. वॉशिंग्टनच्या डोक्यात इंग्रजांच्या ताब्यातल्या न्यूयॉर्कवर हल्ला करायचं होतं, तो बेत गुंडाळून त्याने फौज दक्षिणेला हलवली. १७ ऑक्टोबरला यॉर्कटाउनला कोंडलेल्या इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसचं पत्र आलं, २४ तास लढाई थांबवू या म्हणून. वॉशिंग्टनने दोनच तास दिले. (हाच कॉर्नवॉलिस पुढे गव्हर्नर जनरल होऊन भारतात आला आणि १७९२ला श्रीरंगपट्टणला टिपूविरुद्ध हरिपंत फडक्यांच्या मराठी फौजेसोबत उभा होता.)

१७८२च्या एप्रिलपासून वॉशिंग्टनचा मुक्काम न्यूयॉर्क राज्यातल्या न्यूबर्गच्या छावणीत. तिथे २२ मे रोजी कर्नल लुईस निकोलाचं लांबलचक पत्र आलं. सैन्याचे पगार थकलेत, प्रजासत्ताकाचं काही खरं नाही, तेव्हा तुम्हीच प्रमुख व्हा, आणि पदवी राजाची असली तरी चालेल, असा एकूण सूर. वॉशिंग्टनने त्याच दिवशी कडक शब्दांत कानउघाडणी केली आणि उत्तराच्या नकलेवर सेक्रेटरी आणि सहायक अधिकाऱ्याच्या सह्या घेऊन ठेवल्या, म्हणजे उद्या कुणी काही बोलायला नको!

अ‍ॅसगिल प्रकरण वेगळंच. जोशुआ हडी नावाच्या अमेरिकन कॅप्टनला इंग्रजांच्या बाजूच्या लोकांनी फाशी दिलं, त्याच्या बदल्यात एका कैदी इंग्रज अधिकाऱ्याला फाशी द्यायचं ठरलं आणि चिठ्ठ्या टाकल्यावर नाव निघालं चार्ल्स अ‍ॅसगिलचं, वय जेमतेम विशीचं. त्याच्या आईने थेट फ्रान्सचा परराष्ट्रमंत्री व्हर्जेनला गळ घातली, त्याने तिचं पत्र आपल्या पत्रासोबत वॉशिंग्टनला पाठवलं आणि वॉशिंग्टनने ते काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकन राज्यांच्या प्रतिनिधी सभेकडे, सरकवलं. नोव्हेंबर १७८२मध्ये पोरगा सुटला. अर्थात फ्रेंचांच्या पैशावर आणि आरमारावर युद्ध जिंकलेलं, त्यांना नाही म्हणणार कोण.

पण सगळ्यात गाजलेलं पत्र म्हणजे व्हर्जिनियाचा काँग्रेस सदस्य जोसेफ जोन्सचं. काँग्रेसला कर बसवायचा अधिकारच नव्हता त्यामुळे तिजोरीत खडखडाट, १७८०मध्ये कबूल केलेलं अर्ध्या पगाराचं पेन्शन हवेत, आणि मार्च १७८३मध्ये छावणीत निनावी पत्रकं फिरायला लागली की काँग्रेसला हिसका दाखवू या. १५ मार्चला अधिकाऱ्यांच्या सभेत वॉशिंग्टनने भाषण केलं, तरी मंडळी फारशी विरघळली नव्हती. मग त्याने जोन्सचं पत्र खिशातून काढलं, वाचताना अडखळला आणि चष्मा काढून लावला. या नोकरीत केस पिकले आणि आता दिसतही नाही, अशा अर्थाचं काहीतरी बोलला. त्याला चष्म्यात बहुतेकांनी पाहिलंच नव्हतं, कित्येकांच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणतात. पत्रात काय होतं ते फार कुणाच्या लक्षात राहिलं नसावं, पण बंड तिथेच थंड झालं.

आलेल्या पत्राची घडी घालून पाठीमागे पाठवणाऱ्याचं नाव आणि तारीख टाकायची पद्धत होती, त्यामुळे गठ्ठ्यातून हवं ते पटकन सापडायचं. १७८१पासून वॉशिंग्टनचा सेक्रेटरी रिचर्ड व्हॅरिक कारकून घेऊन न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सीला सगळं दप्तर लावत होता. गेलेल्या पत्रांच्या सुवाच्य नकलांचे ४४ खंड झाले, आलेल्यांची वर्गवारी करून ती तारखेने लावली. शेवटी १७८३च्या नोव्हेंबरात दप्तराच्या पेट्या गाड्यांवर लादून वॉशिंग्टनच्या घरी, माउंट व्हर्ननला, रवाना केल्या. आज हा संग्रह वॉशिंग्टन शहरातल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे आणि ऑनलाइन फुकट बघता येतो.