शिक्षणपद्धतींची ऑन्टॉलॉजी

शिकवण्या-शिकण्याच्या पद्धतीतील कृती, भूमिका, हेतू आणि त्यांचे परस्परसंबंध संगणकालाही वापरता येतील इतक्या नेमकेपणाने मांडणारा आराखडा. तत्त्वज्ञानात ऑन्टॉलॉजी म्हणजे सत्ताशास्त्र, अर्थात अस्तित्वाचा विचार. संगणकशास्त्रातील अर्थासाठी टॉम ग्रुबर यांची 1993 ची व्याख्या सहसा आधाराला घेतात: संकल्पनांच्या मांडणीचे स्पष्ट, नेमके वर्णन.

ई-शिक्षणाच्या मानकांत पद्धतीला उशिरा जागा मिळाली. शिक्षणसाहित्याची माहिती नोंदवण्यासाठीच्या 2002 च्या ‘लॉम’ मानकात धड्याचा विषय, भाषा, लागणारा वेळ नोंदवता येतो. पाठाची आखणी लिहिण्यासाठीच्या 2003 च्या ‘आयएमएस लर्निंग डिझाइन’ या मानकाने नाटकाची परिभाषा उचलली, अंक, भूमिका, कोणी केव्हा काय करायचे, हे सगळे त्यात लिहिता येते. पण अमुक कृतीने अमुक उद्दिष्ट का साधेल, ही शिक्षकाच्या मनातली कारणमीमांसा कागदावर येतच नाही. माझ्या मते पद्धतीचा जीव तिथेच असतो.

ही उणीव भरून काढण्याचा सर्वांत सखोल प्रयत्न म्हणजे रिइचिरो मिझोगुची, जॅकलिन बूर्दो आणि युसुके हायाशी यांची ‘ऑम्निबस’ ऑन्टॉलॉजी. तिच्यात शिकवणाऱ्याची कृती, शिकणाऱ्याची कृती आणि शिकणाऱ्यात होणारा बदल मिळून एक घटना मानली जाते. काय साधायचे आणि कसे साधायचे, यांची फारकत हा तिचा कणा. समजा, आधीचे ज्ञान जागे करायचे आहे. त्यासाठी शिक्षक प्रश्न विचारतील, किंवा मुले स्वतः आठवून मांडतील. त्यामुळे शिकण्या-शिकवण्याविषयीचे एकमेकांशी भांडणारे सिद्धांत एकाच बदलाकडे जाणाऱ्या वेगवेगळ्या वाटा म्हणून शेजारी ठेवता येतात. या ऑन्टॉलॉजीवर उभारलेले ‘स्मार्टीज’ हे साधन शिक्षकाला पाठ आखताना त्या वाटा दाखवते.

काम किती बारकाईचे आहे, ते जिगसॉ पद्धतीत दिसते. मानसशास्त्रज्ञ एलियट अॅरन्सन यांनी ती 1971 मध्ये टेक्सासमधील ऑस्टिनच्या शाळांत वापरली. धड्याचे तुकडे करून गटातल्या प्रत्येकाला एक द्यायचा. एकच तुकडा मिळालेली वेगवेगळ्या गटांतली मुले एकत्र बसून तो पक्का करतात आणि आपापल्या गटात परतून इतरांना शिकवतात. म्हणजे एकच मुलगी आत्ता शिकणारी, घटकाभराने शिकवणारी. ‘शिक्षक’ हा माणसाचा प्रकार मानला, तर इथे आराखडा कोलमडतो. म्हणून ‘शिक्षक’ ही भूमिका, ती कोणत्या प्रसंगात आहे तो संदर्भ आणि ती वठवणारी व्यक्ती, अशा तीन वेगळ्या नोंदी कराव्या लागतात. मिझोगुची यांच्या गटाच्या ‘होझो’ या ऑन्टॉलॉजी लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय मुळातच आहे. एवढे नीट लिहिले, की एखादा तुकडा कोणाच्याच वाट्याला आलेला नाही, हे संगणक तास सुरू होण्याआधीच सांगू शकतो. त्या मुलीने समजावलेले शेजारच्याला कळले का, हे मात्र वर्गातच पाहावे लागते.